व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जावं का? (एजन्सी ई-व्हिसावर बोलावतेय)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी कराडजवळची, वय २४. इंग्रजी घेऊन एम.ए. झालंय, बी.एड. नाही, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) अजून निघालेली नाही. एका ज्युनिअर कॉलेजात दीड वर्ष सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतेय आणि संध्याकाळी घरी दहावी-बारावीच्या आणि स्पोकनच्या बॅचेस घेते. सीएचबीचं मानधन कधी जमा होईल याचा नेम नसतो. गेल्या वर्षीचे काही महिने अजून यायचेत. खर्च निघतो तो क्लासवर.

मागच्या महिन्यात एका एजन्सीमार्फत हो ची मिन्ह सिटीतल्या इंग्लिश सेंटरचा ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. डेमो घेतला, त्यांना आवडला. महिन्याला साधारण ८० तास, तासाला ३ लाख डोंग, पहिला महिना राहायची सोय त्यांची. एजन्सीची फी ६५ हजार रुपये, निम्मी आत्ता आणि निम्मी तिकिटाच्या वेळी. त्यांचं म्हणणं, ९० दिवसांच्या ई-व्हिसावर निघा, बाकीचे पेपर्स इथे आल्यावर करून देऊ.

बाबा हो म्हणतात, आई नको म्हणते. तिकडे शिकवण्याचा अनुभव असलेलं कुणी इथे आहे का? घरी जाऊन खाजगी शिकवण्याही मिळतात असं ऐकलं, ते कितपत खरं?

सोलापुरी_चटणी

८० गुणिले ३ लाख म्हणजे महिन्याला २ कोटी ४० लाख! ताई, करोडपती झालात की. :)
(रुपयात ऐंशी हजाराच्या आसपास बसतात.) जाणकार येतीलच, मी पाट टाकून बसलोय.

निवृत्त_मास्तर

बाळ, तुझी तगमग समजते. सीएचबीने एक अख्खी पिढी टांगून ठेवली आहे. तरी स्पष्ट सांगतो. बी.एड. करून घे, टीईटी आणि टेट या शिक्षकपदाच्या दोन परीक्षा दे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लाव. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पासून माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालंय, पूर्वीसारखं आठ-नऊ हजारांवर राबावं लागत नाही. तीन वर्षं काढली की पुढे कायम वेतनश्रेणी. तिकडे दोन वर्षं मजेत जातील, परत आल्यावर काय? तो अनुभव इथली कोणती संस्था धरणार आहे?

हनोईवाला

कृष्णाकाठ, मी हनोईत काही वर्षं शिकवलं, आता हायफाँगमध्ये आहे. मूळचा नगरचा. सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मजकुरात दोन ठिकाणी खटकलं.

पहिलं म्हणजे फी. परदेशी नोकरीसाठी भारतातून माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. तिथे नाव शोधा. नाव नसेल तर विषय तिथेच संपला. नाव असेल तर ६५ हजार कशाचे ते लेखी मागा, पावतीसकट. आणि एक सांगतो, इथली बरी सेंटर्स शिक्षक थेट घेतात. आपल्या लोकांच्या आणि फिलिपिनो शिक्षकांच्या फेसबुक ग्रुपवर रोज जाहिराती पडतात. शिक्षकाने एजंटला पैसे मोजावेत असं हे मार्केटच नाही.

दुसरं, 'पेपर्स इथे आल्यावर'. यात अर्धं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात. ई-व्हिसावर येऊन इथेच वर्क परमिट मिळालं तर देशाबाहेर न जाता व्हिसा बदलून घेता येतो, २०२० पासून कायद्यात ती सोय आहे. पण परमिट हातात पडेपर्यंत वर्गात उभं राहणं बेकायदाच. पकडलं तर शिक्षकालाच १.५ कोटी ते २.५ कोटी डोंग दंड, म्हणजे साधारण ५० ते ८५ हजार रुपये, आणि वर हद्दपारी. सेंटरलाही दंड होतो, पण सेंटर दुसऱ्या दिवशी उघडतं. तुम्ही विमानतळावर असता.

परमिटचा अर्ज सेंटरने करायचा असतो, तुम्ही नाही. तुमच्याकडून लागतात ती कागदं अशी: पदवी, पोलीस क्लिअरन्स (पासपोर्ट सेवा केंद्रातून), शिकवण्याचं प्रमाणपत्र, अनुभवाचं पत्र आणि इथल्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलची तपासणी. पदवीवर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग व्हिएतनामच्या वकिलातीचा शिक्का. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे, दिल्लीला जायला नको. हे सगळं निघायच्या आधी करायचं. इथे बसून कुरिअरने कराडला कागद पाठवून शिक्के मारून आणणं म्हणजे वनवास.

आणि अनुभव! परदेशी शिक्षक परमिटसाठी बहुतेकदा 'तज्ज्ञ' या वर्गात बसवतात. पूर्वी तिथे पदवी अधिक तीन वर्षांचा अनुभव लागायचा. ऑगस्ट २०२५ च्या नव्या हुकुमाने (क्र. २१९) तो दोन वर्षांवर आला. तुमचं दीड वर्ष कसं मोजणार ते सेंटरला आत्ताच विचारा. घरच्या क्लासचा अनुभव कागदावर धरला जात नाही.

कृष्णाकाठ

बापरे! इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

दीड वर्ष सीएचबीचं आहे. त्याआधी एम.ए. करताना एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वर्षभर अर्धवेळ शिकवलं होतं. त्याचं पत्र चालेल? आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र म्हणजे बी.एड.च लागतं का? एजन्सी म्हणते ऑनलाइन टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट) आम्हीच करून देऊ, त्याचे वेगळे ९ हजार.

हनोईवाला

शाळेचं पत्र चालू शकेल, पण लेटरहेडवर, तारखांसकट, पदाचं नाव 'इंग्लिश टीचर' असं स्वच्छ हवं. 'सदर उमेदवार आमच्याकडे कार्यरत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली होती' असलं गोलगोल पत्र बाद होतं. मुख्याध्यापकांना मसुदा तुम्हीच टाइप करून द्या, ते नुसती सही करतील.

टेफल म्हणजे कुठल्या एका बोर्डाची परीक्षा नाही, कुणीही ते सर्टिफिकेट देऊ शकतं. १२० तासांचं ऑनलाइन टेफल परमिटपुरतं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण त्याने शिकवायला येत नाही. पैसे जमत असतील तर केंब्रिजचं सेल्टा करा. पूर्णवेळ चार-पाच आठवडे, १२० तास, आणि किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवून दाखवायचं. मागे बसलेला परीक्षक प्रत्येक तासानंतर सोलून काढतो. ते सर्टिफिकेट व्हिएतनाममध्येच नाही तर कुठेही दाखवता येतं.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पण द्या. आपला पासपोर्ट 'नेटिव्ह'मध्ये (इंग्रजी मातृभाषा असलेल्यांत) मोडत नाही, त्यामुळे भाषेचा पुरावा मागतात. इथली सेंटर्स ७ किंवा वर धरतात. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका.

गवतीचहा

मी थायलंडमध्ये आहे, बँकॉकपासून तासाभरावर, शाळेत. खाजगी सेंटरचं हनोईवाला सांगतीलच, मी 'नेटिव्ह' प्रकरणावर लिहिते, कारण निघण्यापूर्वी हे कुणी सांगत नाही.

एकाच स्टाफरूममध्ये तीन पगार असतात. गोरा नेटिव्ह वर, आपण आणि फिलिपिनो मधे, स्थानिक शिक्षक खाली. आमच्याकडे एक इंग्लंडचा मुलगा होता, पदवी इतिहासाची, वर्गात मुलं त्याच्या डोक्यावर बसायची. त्याचा पगार माझ्या पावणेदोनपट. त्याचा फोटो गेटवरच्या बॅनरवर. मी बॅनरच्या आतल्या बाजूला. :) पालकांना मी आवडते, मुलांचे मार्क वाढतात, पण बॅनर काही बदलत नाही. मनाची तयारी ठेवून या, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांतच कडवटपणा येतो.

इथे नियम वेगळे. नॉन-बी व्हिसा, वर्क परमिट, आणि शिक्षण परिषदेची (खुरुसफा) परवानगी. बी.एड.सारखी पात्रता नसेल तर ती तात्पुरती मिळते. नॉन-नेटिव्हना टोईक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण मागतात, ते आपल्याला जड नाही. काकांना एक सांगायचंय: थायलंडला बी.एड.चा खरंच उपयोग होतो. तुमचा सल्ला परदेशासाठीही चुकीचा नाही.

निवृत्त_मास्तर

गवतीचहा, आभार. निदान एका मुद्द्यावर मी पास झालो.

राऊळवाडी

कोरिया का बघत नाही? तिथे हागवॉन म्हणून खाजगी क्लास असतात, पगार दुप्पट, घर फुकट. माझ्या मित्राचा कॅनेडियन मेहुणा तिथे मजेत आहे.

गवतीचहा

तुमच्या मित्राचा मेहुणा कॅनेडियन आहे, गोम तिथेच आहे. कोरियाचा ई-२ व्हिसा हागवॉनसाठी सातच देशांच्या पासपोर्टवर मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया कराराने (सेपा, जानेवारी २०१० पासून लागू) भारतीयांना एक फट उघडली, पण ती सरकारी शाळेत सहायक शिक्षक म्हणून, तेही शिकवण्याची अधिकृत पात्रता असेल तर. हागवॉन नाही, आणि घरी शिकवणी तर नाहीच.

एक_सामान्य_वाचक

विषय थोडा बाजूला नेतो, पण गरजेचं आहे. थायलंड, कंबोडिया, लाओस इकडच्या नोकऱ्यांच्या ऑफर आधी तपासा. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. नोकरी थायलंडची सांगायची, बँकॉकला उतरवायचं आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कॉल सेंटरमध्ये कोंडायचं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं थायलंडमधल्या मे सोटला पाठवून पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं. त्यातले बरेच आयटी आणि डेटा एंट्रीच्या नोकरीला म्हणून गेले होते.

इंग्रजी शिकवायचं आमिष दाखवणारे कितपत असतील माहीत नाही. पण इंग्रजी चांगलं येणारी तरुण मुलं त्यांना हवीच असतात. तिकीट कुठल्या विमानतळाचं आहे, उतरल्यावर न्यायला कोण येणार, सेंटरचा पत्ता नकाशावर दिसतो का, हे बघा. आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. 'नोंदणीसाठी दोन दिवस' असं म्हणाले तर त्यांच्याबरोबर स्वतः जायचं.

कृष्णाकाठ

आईने हा प्रतिसाद माझ्या खांद्यावरून वाचला. :( आता दोन दिवस घरात हाच विषय.

हनोईवाला

आईंना सांगा, सेंटरचा पत्ता द्या, हो ची मिन्हमधल्या कुणा आपल्या माणसाला तिथे चक्कर मारायला सांगतो. सेंटर खरं असेल तर संध्याकाळी सहाला दारात पालकांच्या स्कूटरची रांग दिसेल. ती नसेल तर प्रश्न मिटला.

आता कामाबद्दल, कारण एम.ए. इंग्रजीवाल्यांचा सगळ्यात मोठा भ्रमनिरास इथे होतो. शेक्सपिअर, थॉमस हार्डी घरी ठेवून या. तुमच्यापुढे असतील चार ते दहा वर्षांची पोरं, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, आणि शनिवार-रविवार सकाळपासून. आठवड्याभरात दुपारी दोनला कुणी शिकायला येत नाही, मुलं शाळेत असतात. म्हणजे बाकी जगाला सुट्टी तेव्हा तुम्ही कामावर.

वर्गात एक व्हिएतनामी सहायक असते. नाव टीए, पण खरी मालकीण तीच. कोणाचे आईबाप तक्रारखोर आहेत, कोणाला खाली बसवायचं हे तिला माहीत असतं. तिच्याशी जमवून घ्या, निम्मं काम झालं. एक तास नमुना म्हणून सांगतो. फळ्यावर सहा चित्रं चिकटवलेली. चिकट चेंडू मुलाच्या हातात. तो फेकायचा, ज्या चित्राला चिकटेल त्यावर वाक्य बोलायचं. 'आय लाइक मँगो' म्हणताना पोरगं 'आय लाय मँगो' म्हणतं, कारण शब्दाच्या शेवटची व्यंजनं त्यांच्या जिभेवर टिकत नाहीत. तुम्ही 'क्' काढायला लावता, पंधरा पोरं एका सुरात 'क्, क्, क्' करतात आणि तेवढ्यात टीए त्याचा व्हिडिओ काढून झालोवर पालकांच्या ग्रुपमध्ये टाकते. झालो म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲप. तो व्हिडिओ कसा दिसतो यावर तुमचा पुढचा करार ठरतो, असं म्हटलं तर फार चूक नाही.

हे आवडत असेल तर झकास. मला आवडलं. माझ्याबरोबरचा एक नागपूरचा पीएच.डी.वाला दोन महिन्यांत परत गेला, 'मी काय बालवाडीच्या बाई आहे का' म्हणून. त्याचंही बरोबरच होतं.

फुलपाखरू

वाचतेय. फार उपयुक्त धागा.

माझं थोडं वेगळं आहे, पण खाजगी शिकवणीचा प्रश्न आलाय म्हणून लिहिते. मी तोक्योत, निशि-कासाईला राहते. आमच्या एडोगावा वॉर्डात भारतीय इतके आहेत की २०१९ ला पुण्याचे योगेंद्र पुराणिक वॉर्डसभेवर निवडून आले. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, डिपेन्डंट व्हिसावर. त्यावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. ती परवानगी आधी काढली, मगच शिकवायला लागले. इमिग्रेशनच्या खिडकीवर काम कोणतं, कुणाकडे, किती तास, सगळं विचारतात.

माझे विद्यार्थी म्हणजे साठीच्या दोन आजी, एक बँकेतले गृहस्थ आणि एक शाळकरी मुलगी. आजींना व्याकरण नको, गप्पा हव्यात. दर बुधवारी स्टेशनजवळच्या कॅफेत. दोघी पैसे कधी हातात देत नाहीत, छोट्या पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, वर 'सेन्सेई' (म्हणजे गुरुजी). कॅफेचं बिल कोण देणार यावर दर आठवड्याला आपल्याकडच्या लग्नातल्यासारखी ओढाताण. :) तासाला अडीच हजार येन घेते.

पण हे पोट भरण्याचं काम नाही. विद्यार्थी सुट्टीवर गेला की तुमचं उत्पन्न सुट्टीवर. चोवीसाव्या वर्षी एकटीने फक्त खाजगी शिकवण्यांवर परदेशात राहायचं म्हटलं तर मी नको म्हणेन. जपानमध्ये तसा व्हिसाही सहजी मिळत नाही, कुणीतरी संस्था पाठीशी लागते. आणि संस्था मोठी असली म्हणजे सुरक्षित असंही नाही. नोव्हा ही इथली सगळ्यात मोठी इंग्रजी संभाषण-वर्गांची साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये बुडाली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले, घरं कंपनीची होती तीही गेली. त्या वेळी इथे असलेले जुने लोक अजून सांगतात, काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून जेवणाच्या बदल्यात शिकवलं. घर आणि नोकरी एकाच मालकाकडे ठेवू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले.

हनोईवाला

+१ घराच्या मुद्द्याला. सेंटरने दिलेली खोली पहिला महिना ठीक, नंतर स्वतःची घ्या.

खाजगी शिकवणीबद्दल इथलं: पालक तासाला ४-५ लाख डोंग आनंदाने देतात, सेंटरपेक्षा जास्त. पण वर्क परमिट एका मालकाच्या नावावर असतं. बाहेरची कामं त्यात बसत नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२५ पासून शाळेबाहेरच्या शिकवण्यांचे नियम कडक केलेत. ते मुख्यतः स्थानिक शाळाशिक्षकांसाठी आहेत, पण पैसे घेऊन शिकवायचं तर व्यवसायनोंदणी लागते आणि शेजारीपाजारी तक्रार करतात. करणारे करतातच, अर्धे शिक्षक करतात. पहिल्या वर्षी तुम्ही करू नका. सेंटरच्या करारातही बहुधा मनाईचं कलम असतं आणि ते वापरून पगार कापतात.

बर्लिनकर_२

युरोपचं दोन ओळीत. जर्मनीत फ्रीलान्स भाषाशिक्षकाचा निवासपरवाना असतो, मी त्यावरच आहे, कंपन्यांमध्ये बिझनेस इंग्लिश शिकवते. पण जर्मन येत नसेल तर पहिल्याच वर्षी दमछाक. स्वतंत्र शिक्षकाला इथे सरकारी पेन्शनचा हप्ता सक्तीचा, तो पूर्ण स्वतःच्या खिशातून, वर आरोग्यविमा. शिवाय २०२२ मध्ये हेरेनबर्गच्या संगीतशाळेतल्या शिक्षिकेच्या खटल्यात कोर्टाने ती फ्रीलान्सर नसून नोकरदारच आहे असं धरलं. तेव्हापासून भाषाशाळा फ्रीलान्सर घ्यायला बिचकतात. कराडहून थेट इथे उडी मारू नका. आधी हनोईवाल्यांचा मार्ग बरा.

निवृत्त_मास्तर

हनोईवाला, माहिती उत्तम देता, पण माझ्या मूळ प्रश्नाला बगल दिलीत. दोन वर्षांनी काय?

हनोईवाला

काका, बगल नाही, हात टायपून दुखले म्हणून थांबलो होतो.

नुसतं सेंटरमध्ये चेंडू फेकत राहिलं तर दोन वर्षांनी काहीच नाही, हे मान्य. तासाचा दर एका पातळीवर थांबतो. तिशीनंतर शनिवार-रविवार नकोसे होतात. जे टिकतात ते तीन वाटांनी गेलेले बघितलेत. काहींनी बी.एड. किंवा त्याच्या तोडीची पात्रता घेतली आणि आंतरराष्ट्रीय शाळेत गेले, तिथे पगार आणि सुट्ट्या दोन्ही माणसासारख्या. काही आयईएलटीएसची तयारी घ्यायला लागले. मोठ्या मुलांचा वर्ग, आणि तिथे पालक पासपोर्टापेक्षा निकाल विचारतात, आपल्या लोकांचा हातखंडा. आणि काही परत येऊन पुण्यात क्लास काढून बसले. 'परदेशात शिकवलेलं' हे बोर्डावर लिहिलं की चालतं, हे तुम्हीही जाणता.

सीएचबीवर दोन वर्षं घालवून तरी काय मिळतं, हा उलटा प्रश्न मी विचारतो. वेळच्या वेळी पगार ही गोष्ट तिला आजवर मिळालेलीच नाही.

निवृत्त_मास्तर

मान्य. पण बी.एड. आधी की नंतर, यावर माझं मत कायम आहे. आधी.

सोलापुरी_चटणी

काका, तुम्ही कधी तरी हरा हो. :D
अवांतर: शाकाहारी माणसाचं तिकडे काय होतं?

कृष्णाकाठ

हो, तेही विचारायचं होतं. आम्ही माळकरी, घरात अंडंही नाही.

हनोईवाला

'क्वान चाय' असं लिहिलेली शाकाहारी खानावळ प्रत्येक भागात एखादी असतेच. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक मांसाहार सोडतात, त्या दिवशी तिथे बसायला जागा मिळत नाही. एरवी साध्या खानावळीत 'भाजी' म्हणून दिलेल्या पालेभाजीतही माशांचं पाणी, न्युओक माम, असू शकतं. 'तोय आन चाय' (मी शाकाहारी खाते) हे वाक्य विमानातच पाठ करा. माळकऱ्यांनी घरी शिजवावं, हे सगळ्यात सोपं. तांदूळ, टोफू, भाज्या स्वस्त. ज्वारीचं पीठ आणि मेतकूट आणा, डाळी मिळतात.

आणि दुचाकी. सगळे स्कूटर घ्या म्हणतील. भारतातून काढलेलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या कराराचं असतं, व्हिएतनाम १९६८ चं मानतं. म्हणजे ते इथे चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. स्थानिक लायसन्स निघेपर्यंत ग्रॅबच्या (ॲपवरच्या बाइक टॅक्सीच्या) मागच्या सीटवर बसा.

कृष्णाकाठ

अपडेट देते.

ई-मायग्रेटवर एजन्सीचं नाव सापडलं नाही. फोन केला तर म्हणाले, 'मॅडम आम्ही रिक्रूटमेंट नाही, कन्सल्टन्सी आहोत, आम्हाला ते लागत नाही.' ६५ हजारांची पावती मागितली तर 'प्रोसेसिंग चार्जेस' असं लिहून देतो म्हणाले, नोकरीचा उल्लेख नाही. वर्क परमिट कोणत्या वर्गात काढणार, हे विचारल्यावर 'ते तिथले सर बघतात'. पैसे दिलेले नाहीत, देणारही नाही.

गंमत म्हणजे बाबा आता साशंक झालेत आणि आई म्हणते, नीट कागद करून जात असशील तर जा. शाळेच्या मुख्याध्यापिकांकडून पत्राचा मसुदा मान्य करून घेतलाय. आयईएलटीएसला बसते. सेल्टाचे पैसे नाहीत सध्या, तर एखादं निरीक्षित प्रात्यक्षिक असलेलं टेफल बघतेय. दोन सेंटर्सना थेट ईमेल केलेत, एकाने डेमोसाठी वेळ दिलीय. जानेवारीत जॉइन व्हा म्हणतात.

हनोईवाला

कन्सल्टन्सीचं उत्तर पाठ केलेलं असतं, सगळे तेच देतात. सुटलात.

जानेवारीत येऊ नका. टेट (काका, तुमची ती परीक्षा नव्हे, इथलं चांद्र नववर्ष) यंदा १७ फेब्रुवारी २०२६ ला आहे. त्याच्या आधीपासून सेंटर्स बंद व्हायला लागतात, पुढे आठवडा-दोन आठवडे शुकशुकाट. तासावर पगार असेल तर तो काळ बिनपगारी, नवीन माणसाला हाती काही लागायच्या आत खर्च सुरू. सरकारी कचेऱ्याही बंद, परमिटचं काम अडकतं. मार्चमध्ये या, मुलं परत आलेली असतात आणि नवीन बॅचेस लागतात.

करारात चार गोष्टी बघा: दर महिन्याला किमान तासांची हमी, टेटच्या सुट्टीचं काय, परमिटचा खर्च कोणाकडे, आणि मधेच सोडलं तर किती कापणार. 'अंदाजे ८० तास' म्हणजे कधी ४५ सुद्धा होतात. करार आला की सेंटरचं नाव झाकून इथे टाका किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

राऊळवाडी

हनोईवाला, माझा भाचा बी.एस्सी. फिजिक्स आहे, इंग्रजी फर्डं. त्याला जमेल का?

हनोईवाला

पदवी इंग्रजीची नसेल तर भाषेचं आणि शिकवण्याचं, दोन्ही प्रमाणपत्रं भक्कम लागतात, आणि अनुभवाचं पत्र आहेच. त्याने शाळेत शिकवलंय का आधी? नसेल तर त्याला सांगा, वर्षभर गावातल्या शाळेत सहावीचा वर्ग घेऊन बघ. पोरांसमोर रोज उभं राहणं झेपतंय का, ते तिथे फुकटात कळेल.